आठव्या भागातली आगगाडी

शुक्रवार, रात्र

महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्याला येते तेव्हा शुक्रवारचा शनिवार झालेला असतो. तिकीट कुठल्या तारखेचं काढायचं यावर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस काथ्याकूट झाला आणि तरीही एका सभासदाने चुकीच्या तारखेचं काढलंच. ते गृहस्थ एसटीने आले. नाव सांगत नाही, खजिनदार आहेत.

बाकीचे बारा जण डब्यात वर-खाली पांगलो. आमचं मंडळ रेल्वेवेड्यांचं. कुणी इंजिनांचे नंबर वहीत टिपतो, कुणाच्या कपाटात चाळीस वर्षांची वेळापत्रकं रचून ठेवलेली, एक जण तर नुसता हॉर्न ऐकून इंजिन ओळखतो. वाफेच्या इंजिनावर आमच्यातला कुणीही तासभर बोलू शकतो. त्याच्याखाली जाळ मात्र एकानेही कधी घातला नव्हता.

या खेपेला खरी गाडी बघायला जायचं नव्हतं. कोल्हापूरजवळ, पन्हाळ्याच्या वाटेवर, एका बागेत वाफेचं छोटं इंजिन आहे. ते कोळशावर चालतं आणि माणसं ओढतं, एवढीच खबर होती. मालकांची अट एकच, नाव-पत्ता कुठे लिहायचा नाही. ‘‘न्हाईतर दर रविवारी दारात जत्रा भरंल.’’ सगळे त्यांना अण्णा म्हणतात, तसंच मीही म्हणतो.

शनिवार

जाग आली ती रुकडीजवळ. पंचगंगेच्या पुलावरून गाडी धडधडत गेली, खाली धुकं, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चढलेला. जानेवारीतलं कोल्हापूर असंच बघावं.

स्टेशनात उतरल्यावर आमच्यातल्या दोघांनी रिवाजाप्रमाणे इतिहास सांगायला घेतला. या मार्गाची पायाभरणी १८८८ साली झाली, लहान वयाच्या शाहू महाराजांच्या हस्ते. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर गाडी सुरू झाली. रूळ मीटर गेजचे होते आणि ब्रॉडगेज व्हायला १९७१ उजाडलं. एरवी मी हे ऐकता ऐकता चहाची टपरी शोधतो. पण यातली मीटर गेजची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मिसळ खाल्ली. पुणेकरांनी पाव मागितला, समोर ब्रेडच्या स्लाइस आल्या. कटाचा दुसरा वाढप घेणारे तिघे दुपारपर्यंत फारसं बोलले नाहीत. ठरवलेली मिनीबस दीड तास उशिरा आली आणि तिला मागची काच नव्हती. यावर आणखी लिहिण्यात अर्थ नाही.

आधी शिवाजी उद्यमनगर. अण्णांचं लेथचं दुकान तिथे आहे, आता मुलगा बघतो. गल्लीत शिरलं की एकाच वेळी चार सुरांत लेथ चालू असतात, कूलंटचा तो आंबूस वास, दारात बिडाच्या ओतीव मालाची रास आणि पायाखाली निळसर पडलेल्या स्टीलच्या बऱ्या. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे एखाद्याने आगगाडीचं इंजिन घडवलं तर नवल वाटायला नको. तरी वाटतंच. दुकानात आम्हाला ओतकामाचा एक लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, दाखवला, तळहाताएवढ्या वंगणपेटीचा. ‘‘असली एकशेसाठ हायत,’’ मुलगा म्हणाला, ‘‘आईनं जुन्या पेटाऱ्यात घालून ठेवल्यात. बाबांना सांगितलंय, घरात एकतर तुमची लाकडं ऱ्हातील न्हाईतर मी.’’

बागेत पोचलो तेव्हा दुपारचे बारा. आंबा, चिकू, कडेने नारळ, मागे विहीर, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं गुऱ्हाळ. आणि झाडांच्या मधून जमिनीलगत पळत गेलेले दोन रूळ, एवढे अरुंद की पहिल्यांदा ते ठिबकचे पाइपच वाटले.

इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये, कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर होतं. टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, अडीच मीटरच्या आत-बाहेर. काळं, पण खेळण्यातलं चकचकीत काळं नव्हे. तेल पुसून पुसून येतो तो रंग. आमच्या सेक्रेटरीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘अण्णा, किती सुंदर मॉडेल आहे हो!’’

अण्णा पुढे झाले. ‘‘मॉडेल न्हवं, बाई. इंजिन हाय. फकस्त ल्हान हाय.’’

ते वायपी आहे. म्हणजे मीटर गेजचं, १९४९ पासून भारतात आलेलं प्रवासी गाड्यांचं इंजिन, पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. नंतर जमशेदपूरला टेल्कोने पुष्कळ बांधली. (वायपी म्हटल्यावर उद्यमनगरवाल्यांना आधी शेजारचं वाय. पी. पोवार नगर आठवतं. अण्णांनी हा विनोद आम्हाला तीनदा ऐकवला.) अण्णा रुकडीचे. लहानपणी शाळा बुडवून भरावावर बसायचे, शेजारून मीटर गेजची गाडी जायची. एक्काहत्तर साली रूळ बदलले तेव्हा ते चौथीत होते. ‘‘नवी गाडी मोठी हुती. पर ती आमची न्हवती.’’

मोजमापाचा हिशेब त्यांनी शेडच्या कोब्यावर खडूने मांडून दाखवला. मीटर गेज म्हणजे रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. त्याचा आठवा भाग १२५. जगभरचे हौशी लोक जे छोटे रूळ वापरतात त्यातला एक गेज पाच इंची, म्हणजे १२७. दोन मिलिमीटरांचं पाप पदरात घेतलं की कोल्हापूरची जुनी लाइन बरोब्बर आठव्या भागात बागेत बसते. मूळ इंजिनाचं मोठं चाक १३७२ मिलिमीटरचं, इथलं साडेएकशेएकाहत्तर. कुठल्याशा गावात चौथऱ्यावर उभ्या केलेल्या इंजिनाची मापं त्यांनी टेप लावून घेतली, दोन उन्हाळे. मग अकरा वर्षं बांधत होते.

‘‘सगळं आठवा भाग केलं की झालं, न्हवं?’’ अण्णांनी आम्हाला विचारलं. आम्ही माना डोलावल्या. मग त्यांनी खाली दोन आकडे लिहिले, चौसष्ट आणि पाचशेबारा. लांबी आठव्या भागाची केली की पृष्ठभाग चौसष्टावा होतो आणि आतलं पाणी पाचशेबारावं. म्हणजे पाणी कमी होतं तितक्या प्रमाणात उष्णता निसटायची जागा कमी होत नाही. छोटा बॉयलर मोठ्याच्या मानाने झरझर थंड होतो. विस्तव इवलासा, तो दोन मिनिटांत विझायला बघतो. आणि पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी आठव्या भागाची केली तर ती चालतच नाही, थेंब बुडबुड्यासारखा आत अडकून बसतो आणि पातळी खोटी दिसते. म्हणून ती नळी मुद्दाम जाड बसवलेली. इंजिनावर प्रमाणाबाहेर दिसणारी तेवढी एकच वस्तू.

‘‘पाण्याला कुणी सांगितलंय का, की बाबा तू आता आठव्या भागात हाईस?’’

बॉयलर तांब्याचा, चार मिलिमीटरच्या पत्र्याचा. पत्रा वळवण्याचं काम एका म्हाताऱ्या तांबटाकडून शिकून केलं: तापवायचा, पाण्यात विझवायचा, लाकडी मोगरीने ठोकायचा. पाच-दहा घावांत तांबं ताठर होतं, मग पुन्हा भट्टीत. एका कडेला अशा चौदा खेपा. सांधे चांदीच्या ब्रेझिंगचे. त्यासाठी अख्खा बॉयलर सहा-सातशे अंशांवर न्यावा लागतो, दोन मोठे बर्नर लावून. ते अण्णांनी रात्री बारानंतर केलं, कारण काळोखातच तांब्याचा रंग खरा दिसतो. दिवसा लाल वाटेपर्यंत ते प्रमाणाबाहेर तापलेलं असतं.

आमच्यातल्या एकाने परवान्याचं विचारलं. २५ लिटरच्या आतल्या बॉयलरला बॉयलरचा कायदा लागत नाही. यात तेरा लिटर पाणी मावतं. पण अण्णा दर वर्षी स्वतःच चाचणी घेतात आणि ती आमच्यासमोर घेतली. बॉयलर काठोकाठ गार पाण्याने भरायचा आणि हातपंपाने दाब वाढवायचा. चालताना दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो असतो, चाचणीला बारा. वाफेने का नाही? वाफ फुटली तर स्फोट. पाणी दाबलं जात नाही, सांधा सुटलाच तर नुसती चिळकांडी उडते. काटा बाराला लागला, अर्धा तास थांबलो. एवढे तोंडाळ लोक आम्ही, पण त्या अर्ध्या तासात कुणी हॉर्नचा विषयसुद्धा काढला नाही. काटा हलला नाही.

संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा आणि झोपायच्या आधी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध. तिघांनी घेतलं, एकाला सोसलं.

रविवार

सकाळी सातला बागेत. गवतावर दव, तोंडातून वाफ निघतेय, इंजिनातून अजून नाही.

जाळ लावायची रीत अशी. आधी काचेत पाणी पाऊण नळी आहे ना बघायचं. पाणी पावसाचं, टाकीत साठवलेलं. विहिरीचं चालत नाही, उसाच्या रानातलं खारं पाणी बॉयलरात कीट धरतं. मग रात्रभर डिझेलमध्ये भिजवलेले लोणारी कोळशाचे तुकडे जाळीवर पसरायचे आणि पेटता बोळा आत सरकवायचा. इंजिन थंड असतं तेव्हा धुरांड्याला ओढ नसते, म्हणून वर छोटा विजेचा पंखा बसवतात, तो धूर वर खेचतो. सात दहाला पेटवलं. पहिली पंधरा मिनिटं नुसता पंख्याचा भुणभुणाट. मग बॉयलरातून आवाज यायला लागला, कढईत पाणी तापतं तसा. सात पस्तीसला काटा खुंटीवरून सुटला. दीड किलो झाल्यावर पंखा काढला आणि इंजिनाने स्वतःच्याच वाफेवर स्वतःचा जाळ फुंकायला सुरुवात केली. तो क्षण मी व्हिडिओत घेतला आहे, पण व्हिडिओत काही दिसत नाही. पंख्याचा आवाज थांबतो आणि दुसरा, बारीक, सतत ‘श्श’ सुरू होतो, बस्स.

आता दगडी कोळसा, सुपारीएवढ्या आकाराचा फोडून. आठ वाजून पाच मिनिटांनी सहा किलोला सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला आणि अण्णांचं कुत्रं, जे दर वेळी पळतं, ते पळालं.

मार्ग ३१० मीटरचा, बंद वर्तुळ. सगळ्यात आवळ वळण बारा मीटर त्रिज्येचं. पहिल्या वर्षी बाभळीचे स्लीपर घातले होते, पावसाळ्यानंतर वाळवीने ठेवलेले नव्हते. आता लोखंडी अँगल आहेत. दर सहा मीटरांवर रुळात दोन मिलिमीटरची फट. अण्णांचा हिशेब: सकाळच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात लोखंडाच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर सहा मीटरांचा रूळ तेवढाच लांबतो. ती फट आहे म्हणूनच ‘टक-टक’ आहे. आमच्यातल्या वयस्क सभासदांनी तेवढ्या आवाजावर डोळे मिटले.

गाडीच्या सपाट डब्यांवर घोड्यावर बसतात तसं टांग टाकून बसायचं. एका खेपेला सहा माणसं. निघताना सिलिंडरचे ड्रेन उघडे ठेवायचे, आत साचलेलं पाणी फसाफस बाहेर जातं. न ठेवले तर पाणी दट्ट्यापुढे अडतं आणि सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. ड्रायव्हर टेंडरच्या मागे बसतो आणि टेंडरवर ओणवा होऊन आत कोळसा टाकतो. त्यासाठीचं फावडं म्हणजे अण्णांच्या घरातली आमटीची पळी, दांडा वितभर वाढवलेली. काकूंना नवी पळी मिळाल्याचं त्यांनी आवर्जून सांगितलं.

दुसऱ्याच फेरीला आंब्याखाली गाडी उतरली. मुळाने रूळ बोटभर उचलला होता. मागचा डबा कलंडला, खजिनदार आणि आणखी दोघे अलगद पाचोळ्यात. लागलं कुणालाच नाही. अण्णांनी पहार आणली, खालची खडी उकरली, लेव्हलची बाटली ठेवून बघितली, वीस मिनिटांत रस्ता चालू. तेवढ्यात खजिनदारांच्या पँटला धुरांड्यातल्या ठिणग्यांनी पाडलेली भोकं मोजून झाली. सात.

मग माझी पाळी.

अण्णांनी सांगितलेल्या गोष्टी तीन. काचेतल्या पाण्यावरची नजर काढायची नाही. काचेत पाणी दिसेनासं झालं तर घाबरून पाणी भरायचं नाही, आधी जाळ पाडायचा, खालची पिन ओढली की जाळीसकट विस्तव खाली पडतो. आणि कोळसा थोडा थोडा, सारखा. मी तीस वर्षं वाफेच्या इंजिनांवर वाचतोय. वॉल्शर्ट्स गिअर, म्हणजे सिलिंडरात वाफ कधी सोडायची ते ठरवणारी दांड्यांची जुळणी, १८४४ चा, हे झोपेत सांगेन. रेग्युलेटर हळूच उघडला, इंजिनाने ‘छफ्’ केलं, माझ्या मांड्यांखालून ओढ लागली आणि सहा माणसं हलली. पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत काचेतलं पाणी जरा उतरलेलं दिसलं, म्हणून पंपाचा कॉक फिरवला, गार पाणी आत गेलं. काटा पाचवर आला. मी घाबरलो आणि एकदम चार पळ्या कोळसा टाकला.

विहिरीजवळ ऐंशीला एक असा चढ आहे. तिथे इंजिन एकदा छफ् म्हणालं, थोड्या वेळाने अर्धं छफ्, आणि थांबलं. काटा दोनवर. भट्टीचं दार उघडलं तर आत काळाकुट्ट ढीग, कडेने पिवळा धूर. मागे सहा माणसं आपापल्या टांगा दोन्ही बाजूंना टाकून गप्प बसलेली. कुणीतरी हळूच विचारलं, ‘‘सिग्नल नाही का?’’

कुंपणापलीकडून तात्या आले. शेजारच्या गुऱ्हाळावर चुलवाणापाशी जाळ घालायचं काम करतात, चाळीस हंगाम झाले. उसाची चिपाडं काहिलीखाली अशी सारायची की रस उतू जाऊ नये आणि गूळ करपू नये, हे त्यांचं काम. वाफेच्या इंजिनावरचं एकही पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही. उकिडवे बसले, दारातून आत बघितलं.

‘‘पावणं, उरावर वझं टाकलंसा की त्येच्या.’’

लांब सळईने त्यांनी तो ढीग अलगद वर उचलला, मोडला नाही, नुसता खालून पोकळ केला. ब्लोअर, म्हणजे धुरांड्यात वाफ सोडून जाळ फुंकणारा कॉक, जरासा उघडला, जास्त नाही. दार बोटभर किलकिलं ठेवलं. मग कमरेच्या धोतराला हात पुसत बसून राहिले. मी काहीतरी करायला गेलो तर म्हणाले, ‘‘दम धरा. त्येला दम घिऊ द्या.’’ दोन मिनिटं गेली. ढिगाच्या पोटात तांबूस ठिपका दिसला, मग तो फाटत गेला. काटा अडीच, तीन. काटा पाचला आल्यावर त्यांनी कोळशाचे मोजून सहा खडे घातले, पळीने नव्हे, एकेक, जिथे जाळ पांढरा होता तिथे. ‘‘पोट भरंस्तवर घालायचं न्हाई. भूक राखून घालायचं.’’

मी उतरलो. माझ्या जागी तात्यांनी आमच्या एका सभासदाच्या नववीतल्या मुलीला बसवलं. आम्ही जेवायला गेलो, भाकरी, खर्डा, पिठलं आणि गुऱ्हाळातून आलेली गरम काकवी, आणि आंब्याखाली पानं मांडेपर्यंत ती तीनदा समोरून गेली. चौथ्या फेरीला तात्या रुळाशेजारून चालत होते, हात मागे बांधून. सहाव्या फेरीला ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. तिने एकूण अकरा फेऱ्या केल्या आणि काटा साडेपाचच्या खाली आला नाही. मी मोजत होतो. आमच्या मंडळाला मोजता उत्तम येतं.

चार वाजता जाळ पाडला. जाळीखालून निघालेली राख बघून अण्णा चुकचुकले. आपल्याकडच्या कोळशात राख फार, ती वितळून जाळीला खंगरासारखी चिकटते आणि हवा कोंडते. एक किलो दाब उरलेला असताना तळाचा व्हॉल्व्ह उघडला, सगळं पाणी गाळासकट प्रचंड फुत्कार टाकत बाहेर. मग पुसणं. तासभर तेरा माणसं चिंध्या आणि तेल घेऊन एका इंजिनाभोवती. तेवढ्यात सेक्रेटरीबाईंचा चष्मा सापडेना. शेड, गवत, आंब्याखालचा पाचोळा, सगळ्यांच्या पिशव्या, सगळं बघितलं. त्या रात्री त्यांनी मेनूकार्ड माझ्याकडून वाचून घेतलं.

सोमवार

पहाटे अंबाबाईचं दर्शन, मग सकाळची कोयना एक्सप्रेस. खजिनदारांचं तिकीट या खेपेला मी काढलं होतं. नववीतली पोर खिडकीशी झोपली होती, नखांत काळं तसंच. रुकडीच्या भरावावर गाडी जराशी हळू झाली तेव्हा सगळे एका बाजूच्या खिडक्यांना चिकटलो. भरावावर दोन शेळ्या होत्या.

मिरजेच्या आधी सेक्रेटरीबाईंच्या फोनवर अण्णांचा निरोप आला, बोलून पाठवलेला. त्यांनी स्पीकरवर लावला. ‘‘बाई, तुमचा चष्मा गावला. टेंडरात कोळशात हुता. काच शाबूत हाय, दांडी जरा वितळलीया. पोष्टानं पाठवत न्हाई. पुढच्या खेपंला येऊन न्या. आन त्या पोरीला घिऊन या, तात्या इचारत्यात.’’